पंतप्रधान बदलला, म्हणून निवडणूकही लगेच?

प्रश्न : मी नागपूरला धरमपेठेत राहतो. राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झालो आहे. माझी मुलगी २०२१ पासून इंग्लंडमध्ये लीड्स येथे नोकरी करते. भारतीय नागरिक असूनही तिला तेथे मतदानाचा हक्क आहे आणि २०२४ मध्ये तिने तो बजावलाही. सत्ताधारी पक्षाने मध्येच पंतप्रधान बदलला, तर नव्या माणसाने ताबडतोब सार्वत्रिक निवडणूक घेतलीच पाहिजे, असे तिचे ठाम मत आहे. मी म्हणतो, लोकांनी सभागृह पाच वर्षांसाठी निवडून दिले आहे, ते पाच वर्षे चालू द्यावे. दर रविवारच्या फोनवर हाच वाद होतो. मागच्या वेळी ‘बाबा, तुम्हाला लोकशाहीपेक्षा खर्चाचीच काळजी जास्त,’ असे ती म्हणाली आणि मी रागाने फोन ठेवला. आमच्यापैकी बरोबर कोण? आणि आता तिच्याशी बोलू काय?
— एक वाचक, नागपूर

महोदय,

कायद्यापुरते बोलायचे तर आपली बाजू बळकट आहे, पण आपण समजता तितकी नाही. ब्रिटनमध्ये काय किंवा आपल्याकडे काय, मतदार पंतप्रधान निवडत नाही. तो आपल्या मतदारसंघाचा प्रतिनिधी निवडतो आणि ज्याच्या पाठीशी सभागृहाचे बहुमत उभे राहते तो पंतप्रधान होतो. त्यामुळे पक्षाने नेता बदलला आणि बहुमत त्याच्यामागे टिकून राहिले, तर नव्या पंतप्रधानाचा अधिकार आधीच्याइतकाच पूर्ण असतो. येथवर आपले म्हणणे खरे आहे. मात्र पाच वर्षांचा जो आधार आपण घेता, तो कच्चा आहे. आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद ८३ लोकसभेची मुदत पाच वर्षे ठरवतो, पण ती त्याआधी विसर्जित झाली नाही तरच. म्हणजे ही कमाल मर्यादा आहे, तेवढा काळ सभागृह टिकेलच अशी हमी नव्हे. ब्रिटनने २०११ मध्ये मुदत पक्की करणारा कायदा करून पाहिला होता. पंतप्रधानाला मुदतीआधी निवडणूक हवी असेल, तर कॉमन्स सभागृहाच्या दोनतृतीयांश सदस्यांची संमती घेण्याचे बंधन त्या कायद्याने घातले. २०२२ मध्ये तो रद्द झाला आणि राजसत्तेकडे विसर्जनाची विनंती करण्याची पंतप्रधानाची जुनी मोकळीक परत आली. कायदा नव्या पंतप्रधानाला निवडणूक घ्यायला भाग पाडत नाही आणि घ्यायची असल्यास अडवतही नाही. तेव्हा तुमच्या वादाचा निकाल घटनेच्या पुस्तकात सापडणार नाही. प्रश्न विवेकाचा आहे, आणि विवेकाच्या प्रश्नात प्रसंग पाहावा लागतो.

प्रसंग पाहायचा तर आपल्या कन्येच्या जागी क्षणभर बसून पाहा. ती तेथे गेल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, २०२२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, तिने दोन महिन्यांत तीन पंतप्रधान पाहिले : बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस आणि ऋषी सुनक. यातील ट्रस यांची निवड मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. सत्ताधारी हुजूर (कन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या खासदारांच्या अखेरच्या फेरीत सुनक यांना १३७ आणि ट्रस यांना ११३ मते होती, म्हणजे सभागृहात बसणाऱ्या माणसांची पहिली पसंती त्या नव्हत्या. त्यानंतर पक्षाच्या वर्गणीदार सदस्यांनी मतदान केले, त्यात ट्रस यांना ८१,३२६ तर सुनक यांना ६०,३९९ मते पडली आणि त्या पंतप्रधान झाल्या. ज्याच्यामागे सभागृह उभे आहे तो पंतप्रधान, हे आपले तत्त्व येथे बरेच पातळ होते. नेता जोवर खासदार निवडत होते, तोवर ‘आमचे प्रतिनिधी आमच्या वतीने निवडतात’ असे मतदाराला म्हणता येत होते. आता ती निवड अशा सदस्यांच्या हाती गेली आहे, जे कोणाचेही प्रतिनिधी नाहीत. लीड्समध्ये राहून कर भरणाऱ्या आणि मत देणाऱ्या मुलीला याचा राग आला, तर तो राग मला पोरकट वाटत नाही.

पुढे जे घडले ते याहून महत्त्वाचे आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी ट्रस यांच्या अर्थमंत्र्यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, पण एवढा पैसा कोठून भरून काढणार हे सांगितले नाही. जमिनीखालचा खडक फोडून वायू काढण्यावर बंदी होती आणि तो सुरक्षित असल्याची शास्त्रीय खात्री पटल्याशिवाय पाठिंबा देणार नाही, असे पक्षाच्या २०१९ च्या जाहीरनाम्यात होते. ती बंदीही त्यांनी एक दिवस आधी उठवली होती. सरकारी रोखे कोसळले, निवृत्तिवेतन निधी अडचणीत आले आणि २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडला रोखे खरेदी करण्यासाठी बाजारात उतरावे लागले. निवृत्तिवेतनावर संसार चालवणाऱ्या आपल्यासारख्या गृहस्थांना यातली धास्ती वेगळी सांगायला नको. येथे माझे मत स्पष्ट आहे : ज्या कार्यक्रमावर सभागृह निवडून आले तो बाजूला ठेवून वेगळाच कार्यक्रम राबवायचा असेल, तर नव्या पंतप्रधानाने आधी मतदारांकडे गेले पाहिजे. माणूस बदलला म्हणून निवडणूक लागत नाही, दिलेले वचन बदलले म्हणून लागते. आपली कन्या या दोन गोष्टींत फरक करत नाही, आणि आपण दुसरीची दखलच घेत नाही.

निवडणुकीची मागणी करणारे लोक आणखी एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे लवकर जाणाऱ्याला मतदार धैर्याचे बक्षीस देतात. या बाबतीत कॅनडाचे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. जॉन टर्नर यांनी ३० जून १९८४ रोजी शपथ घेतली आणि ९ जुलैला निवडणूक जाहीर केली. मार्क कार्नी यांनी १४ मार्च २०२५ रोजी शपथ घेतली आणि २३ मार्चला निवडणूक जाहीर केली. दोघेही लिबरल पक्षाचे, शपथेच्या वेळी दोघेही खासदार नव्हते, आणि दोघांनीही शपथेनंतर नऊ दिवसांतच हा निर्णय घेतला. टर्नर यांचा पक्ष २८२ पैकी ४० जागांवर आला. कार्नी यांच्या पक्षाला ३४३ पैकी १६९ जागा मिळाल्या, म्हणजे बहुमताला तीन कमी, पण सत्ता राहिली. घाई दोघांची सारखीच होती. टर्नर यांच्या पाठीवर आधीच्या पंतप्रधानांनी जाता जाता केलेल्या सोयीच्या नेमणुकांचे ओझे होते आणि त्या आपण का निभावून नेल्या, याचे पटणारे उत्तर त्यांना दूरचित्रवाणीवरच्या वादात देता आले नाही. शिवाय आत्ताच निवडणूक कशासाठी, हेही त्यांना सांगता आले नाही. पक्षाची मतचाचणीतली स्थिती बरी दिसत होती, एवढेच लोकांना समजले. कार्नी यांच्यापुढे अमेरिकेने लादलेले आयातशुल्क आणि कॅनडाला अमेरिकेचे राज्य करून घेण्याची ट्रम्प यांची भाषा होती. वाटाघाटीला बसणाऱ्याच्या हाती ताजा जनादेश असावा, हे कारण कॅनडाच्या मतदाराला वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

नव्या नेत्याच्या पहिल्या काही आठवड्यांत मतचाचण्यांचे आकडे चढतातच, आणि त्यांच्या भरवशावर निवडणूक घेणे म्हणजे मृगाच्या पहिल्या सरीवर पेरणी उरकणे होय. दुबार पेरणीचे दुःख विदर्भातल्या वाचकांना मी काय सांगावे. जपानमध्ये शिगेरू इशिबा यांनी १ ऑक्टोबर २०२४ रोजी पद स्वीकारण्याच्या आदल्या दिवशीच निवडणूक जाहीर करून टाकली. २७ तारखेला मतदान झाले आणि त्यांच्या आघाडीचे बहुमतच गेले. पक्षातील काळ्या पैशाचा वाद तोवर थंडावलेला नव्हता.

ब्रिटनमधील तीन उदाहरणे मात्र आपल्या कन्येशी बोलताना जवळ ठेवा, कारण ती तिच्याच आखाड्यातली आहेत. थेरेसा मे जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान झाल्या. मुदतीआधी निवडणूक घेणार नाही, असे त्या वारंवार सांगत राहिल्या आणि एप्रिल २०१७ मध्ये त्यांनी ती जाहीर केली. सभागृहात बहुमत असताना, युरोपशी वाटाघाटी करण्यासाठी हात बळकट हवा, हे त्यांनी दिलेले कारण लोकांना पुरेसे वाटले नाही. वृद्धांच्या शुश्रूषेच्या खर्चाविषयीचे धोरण तर त्यांनी प्रचार चालू असतानाच फिरवले. २०१५ मध्ये ३३० जागा जिंकलेला पक्ष ३१७ वर आला आणि उत्तर आयर्लंडमधील एका छोट्या पक्षाच्या दहा खासदारांवर त्यांना विसंबावे लागले. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन्सन यांनीही २०१९ मध्ये निवडणूक मागितली, पण त्यांच्याकडे सभागृहात बहुमतच उरले नव्हते, युरोपातून बाहेर पडण्याचा करार पुढे सरकत नव्हता आणि त्यांची निवडणुकीची मागणीही सभागृहाने तीनदा फेटाळली. शेवटी वेगळा कायदा करून १२ डिसेंबरला मतदान झाले आणि त्यांना ३६५ जागा मिळाल्या. जॉन्सन यांच्या राजकारणाविषयी मला फारसे प्रेम नाही, पण तो पेच सुटायचा तर मतदारांकडे जाण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य करावेच लागते.

तिसरे उदाहरण गॉर्डन ब्राऊन यांचे. माझ्या मते नव्या पंतप्रधानासाठी सर्वांत शिकण्यासारखे हेच आहे, कारण त्यात निवडणूक झालीच नाही. २७ जून २००७ रोजी ते टोनी ब्लेअर यांच्या जागी आले आणि उन्हाळाभर त्यांचे आकडे चांगले होते. शरद ऋतूत निवडणूक होणार अशी कुजबुज त्यांच्याच माणसांनी वाढू दिली, पक्षयंत्रणा कामाला लागली, वृत्तपत्रांनी तारखाही छापल्या. तेवढ्यात विरोधी हुजूर पक्षाच्या अधिवेशनात दहा लाख पौंडांपर्यंतच्या मालमत्तेवरचा वारसा कर माफ करण्याची घोषणा झाली, चाचण्यांचे आकडे फिरले आणि ६ ऑक्टोबरला ब्राऊन यांनी निवडणूक नाही असे जाहीर केले. निर्णयाचा चाचण्यांशी संबंध नाही, असेही ते म्हणाले, आणि ते कोणालाही पटले नाही. निवडणूक न घेणे हा त्यांचा अधिकार होता. जूनमध्येच ‘माझ्याकडे बहुमत आहे, जाहीरनामा तोच आहे, मी काम करणार’ असे सांगितले असते, तर फारशी कुरबुर झाली नसती. तीन महिने दार किलकिले ठेवून मग ते धाडकन लावल्यामुळे धीरोदात्त प्रशासक ही त्यांची प्रतिमा गेली आणि ती पुन्हा उभी राहिली नाही. पुढे आर्थिक संकट आले आणि २०१० मध्ये सत्ता गेली. म्हणून मला कोणी विचारले, तर मी म्हणेन की नव्या पंतप्रधानाने हो किंवा नाही, काय ते पहिल्या काही दिवसांत, कारणासह सांगून मोकळे व्हावे.

आता आपल्या अंगणात येऊ. आपल्या मताला धार आली ती बहुधा १९७९ च्या आठवणीने, असा माझा तर्क आहे. चरणसिंग २८ जुलैला पंतप्रधान झाले, काँग्रेसने पाठिंबा काढला, लोकसभेला सामोरे न जाताच त्यांनी २० ऑगस्टला राजीनामा देऊन विसर्जनाची शिफारस केली आणि राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी ती २२ तारखेला मान्य केली. ज्याने एकदाही बहुमत सिद्ध केले नाही, त्याच्या सल्ल्याने सभागृह विसर्जित व्हावे का, हा वाद तेव्हाही झाला आणि माझ्या मते तो आजही मिटलेला नाही. मध्यावधी निवडणूक ही सभागृहापासून पळण्याची वाट असू नये, हा आपला आक्षेप या प्रसंगाला अगदी चपखल बसतो.

राज्यातलेही एक उदाहरण आहे. नारायण राणे १ फेब्रुवारी १९९९ रोजी मुख्यमंत्री झाले. विधानसभेची मुदत मार्च २००० पर्यंत होती, पण लोकसभेच्या निवडणुकीबरोबरच, म्हणजे सुमारे सहा महिने आधी, विधानसभेचीही घेण्याचे युती सरकारने ठरवले. काँग्रेस नुकतीच फुटली होती, तिची मते विभागतील हा हिशेब कागदावर चुकीचा नव्हता. निकालात शिवसेनेला ६९ आणि भाजपला ५६ जागा मिळाल्या, काँग्रेसला ७५ आणि राष्ट्रवादीला ५८, आणि वेगवेगळे लढलेले ते दोघे नंतर एकत्र येऊन सत्तेवर बसले. विरोधक दुबळे दिसतात, हे निवडणूक घेण्याचे कारण म्हणून किती ठिसूळ असते, ते यावरून कळते.

उलट बाजूला पी. व्ही. नरसिंह राव आहेत. १९८४ आणि १९८९ मध्ये ते आपल्या शेजारच्या रामटेकमधून लोकसभेवर गेले होते, म्हणून नागपूरकरांना ते थोडे आपलेच वाटतात. १९९१ मध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा लोकसभेचे सदस्यही नव्हते, सरकारही अल्पमतातले होते, तरी मध्यावधीचा विचार न करता त्यांनी पाच वर्षे पूर्ण केली. त्याच काळात अर्थव्यवस्थेची दिशा बदलली. पण हे उदाहरण आपण मुलीला सांगाल, तर पुढचेही सांगा : जुलै १९९३ चा अविश्वास ठराव २६५ विरुद्ध २५१ असा फेटाळला गेला आणि त्यातील काही मते पैसे देऊन मिळवल्याचा आरोप पुढे न्यायालयापर्यंत गेला. सभागृह कसेही करून टिकवण्यालाही किंमत पडते.

खर्चाचा मुद्दा आपण मांडता, तो चुकीचा नाही. फक्त तो भारतातला आहे. ब्रिटनमध्ये विसर्जनानंतर कामाच्या पंचविसाव्या दिवशी मतदान होते, रात्रीतून मोजणी होते आणि दुसऱ्या दिवशी नवा पंतप्रधान कामाला लागू शकतो. २०२४ मध्ये आपल्याकडे १६ मार्चला आचारसंहिता लागली. नागपूरने पहिल्याच टप्प्यात १९ एप्रिलला, उन्हाच्या तडाख्यात मतदान केले, आणि निकालासाठी ४ जूनपर्यंत वाट पाहिली. या काळात नव्या योजना जाहीर करता येत नाहीत आणि प्रशासनाचे निम्मे मनुष्यबळ निवडणुकीच्या कामाला जुंपलेले असते, हे शासनात नोकरी केलेल्या माणसाला मी सांगायला नको. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढील प्रलंबित विधेयकेही रद्द होतात. तेव्हा आपल्या कन्येला जी निवडणूक दीड महिन्याची धावपळ वाटते, ती आपल्याला अडीच-तीन महिन्यांचा ठप्प कारभार वाटते, आणि दोघेही आपापल्या अनुभवातले खरेच बोलत आहात. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडलेले १२९ वे घटनादुरुस्ती विधेयक मंजूर झाले, तर मध्यावधी निवडणुकीतून आलेल्या सभागृहाला फक्त उरलेल्या मुदतीपुरतेच काम करता येईल. नव्या पंतप्रधानाला पाच नवी वर्षे मिळवण्याचा मोहच त्यामुळे संपेल. पण वचन बदलणाऱ्याने लोकांना विचारावे, या मागणीतला दमही त्याने थोडा कमी होईल, म्हणून त्या विधेयकाकडे मी पूर्ण समाधानाने पाहू शकत नाही.

या रविवारी काय बोलावे, याविषयी थोडे. फोन ठेवल्याबद्दल आधी दोन शब्द बोलून टाका, त्याने आपल्या मुद्द्याचे वजन घटत नाही. मग २०२२ मध्ये तिचे म्हणणे योग्य होते असे सांगा, ते केवळ तिचे मन राखण्यासाठी नको, तसे खरेच वाटत असेल तर. नंतर तिला एकच विचारा : तुझ्या पसंतीच्या पक्षाने नेता बदलला आणि चाचण्यांत तो पक्ष मागे असला, तरीही तू लगेच निवडणूक मागशील का? आपणही स्वतःला याच्या उलट विचारून ठेवा की, आपल्या नावडत्या पक्षाच्या नव्या पंतप्रधानाने जाहीरनामा गुंडाळून ठेवला, तरी आपण मुदत संपेपर्यंत गप्प बसाल का? दोघांची उत्तरे प्रामाणिक असली, तर तुमच्यातले अंतर आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच कमी निघेल.

आणि हे सारे बोलून झाल्यावर तिने अलीकडे घर बदलले आहे का, तेही विचारा. तेथे मतदारयादीत नाव नोंदवण्याची मुदत मतदानाच्या बारा कामाचे दिवस आधी संपते, आणि निवडणूक अचानक जाहीर झाली की पत्ता बदललेले भाडेकरूच सर्वांत आधी यादीबाहेर राहतात. मतदान केंद्रावर आता छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. त्यासाठी राष्ट्रकुलातील देशाचे पारपत्र चालते, म्हणजे तिचा भारतीय पासपोर्टही चालेल, मुदत संपलेला असला तरी चालेल, त्यातल्या छायाचित्रावरून ती ओळखू येते एवढे मात्र पाहून ठेवायला सांगा.